मल्हारीचा दहावा

३ फेब्रुवारी १९८४
वही कधीची आणलीये. आज लिहू, उद्या लिहू करत नुसती उशाखाली दाबून ठेवली. तर, अंबडला कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो! खोली झकास, पुढे ओटा, ओट्यावर ऊन. मालकीण सुमनबाई तोंडाळ, पण मायाळू. समोर द्राक्षाचा मळा आहे, तो बघायला म्हणून गेलो आणि पार दुसऱ्याच गावात निघालो. ते असो.

७ फेब्रुवारी
सुमनबाईने विचारलं, घरी कोण असतं? आई असते म्हटलं, मग सगळंच सांगत बसलो. गुजरातेत विहीर खोदताना दरड कोसळली, मी आत गाडलो गेलो. दगडातून झिरपणारं पाणी चाटलं, पट्ट्याचं कातडं चघळलं. किती दिवस, कोण जाणे. बाहेर काढलं तेव्हा स्वतःचं नावही सांगता येईना. दवाखान्यात महिने गेले. मुकादमाने घरी मेल्याचं कळवून टाकलेलं. आईने दर्भाचा पुतळा जाळला, दहावा घातला. पिंडाला कावळा शिवेना, शेवटी दर्भाचाच कावळा करून उरकलं.

मी परतलो तर जाणते म्हणाले, क्रिया झालेला माणूस तसाच घरात घ्यायचा नसतो. मिसरूड फुटलेल्या मला पाळण्यात घालून बारसं केलं. मल्हारीचा भिकन झालो. सगळे हसले, मीही हसलो. विहिरीतली भूक, भीती मला आता दुसऱ्या कुणाची ऐकीव गोष्ट वाटते. रडूही येत नाही. पण आई वाढताना मान वर करत नाही. एकदाच मल्हारी म्हण, म्हटलं, तर उठून गेली. म्हणून तर घर सोडलं.

१५ फेब्रुवारी
कामावरून आलो तर सुमनबाई म्हणाली, तुझा भाऊ येऊन गेला. अंगभर ओली माती, अख्खी कळशी प्याला. ‘‘पोटात काही नाय रे त्याच्या, लय सुकलाय. तू इथं गिळतोस आन् भावाला विचारत नाहीस व्हय?’’

मला भाऊ नाही.

पाय ठरेनात. भटकत गोदाकाठी गेलो. तिथे कुणाचा तरी दहावा चालला होता. कावळ्यांकडे बघवेना, तसाच परतलो.

१८ फेब्रुवारी
डब्यातली भाकरी संपलेली असते. डब्यावर मातीची बोटं. मी कामावर असतानाच येतो. उद्या खाडा करून थांबणार.

१९ फेब्रुवारी
पाहिला. भर दुपारी. ओट्यावर उकिडवा बसून पट्टा चघळत होता. माझाच चेहरा. आणि रडत होता — मला येत नाही ते सगळं रडू त्याच्याकडे —
विचारलं, काय पाहिजे.
म्हणाला, ‘‘सोसलं मी. पाळण्यात तू निजलास. आता आईकडे मी जाणार.’’

२० फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. सुमनबाईने त्याला वाढलं. मला म्हणाली, तू कोण रे —
नाही, म्हणाली नसेल. पण मान वर केली नाही —

२१ फेब्रुवारी
दाराला आतून कडी घातलीये. तो ओट्यावरच —
बाहेर बोलणं. सुमनबाई कुणाला तरी बस म्हणतेय —
आई! न कळवता आलीये. सांगतेय, चुकलं माझं, जिवंत लेकराला परकं केलं, न्यायला आले —
कडी निघत नाही. तरी हसू येतंय —
हाक मारली. मल्हारी म्हणाली. मल्हारी, ये रे बाळा —
मी ओ देणार तोच ओट्यावरून त्याने —