पहिली हाक कोणाला?

९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू पोट धरून हसशील, म्हणून आपला साधाच नमस्कार. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त. स्वयंपाकघरातल्या भिंतीची भेग एकदाची बुजवून घेतली. रंग काही जुळला नाही.

माझं काम जोरात चाललंय. भूकंपातून लोक कसे सावरले, तब्येती कशा सांभाळल्या, कोण कोणाच्या उपयोगी पडलं, हे घरोघर जाऊन ऐकायचं आणि लिहून काढायचं. लोक मनापासून बोलतात. परवा एक शिंपीकाका म्हणाले, "झोप उडाली ती उडालीच. पण जागाच असतो तर मशीन चालवतो. धंदा दुप्पट झाला बघा!" हसता हसता डोळे पुसत होते. आपण मात्र मध्ये आपलं काही सांगायचं नाही, गप्प ऐकायचं, असा नियम.

त्याची भरपाई म्हणून की काय, आमच्या मॅडमनी दुसरा नियम काढलाय. नवे प्रश्न लोकांना विचारण्याआधी आपण एकमेकांना विचारायचे. काल माझी पाळी होती. सहकारीण रेकॉर्डर लावून समोर बसली.

"जमीन हलली तेव्हा पहिली हाक कोणाला मारलीत?"

"ताईला."

"आता पुन्हा हलली तर?"

"ताईलाच."

"त्या किती लांब राहतात?"

तुझं घर मला माहीतच नाही गं. हे पत्रसुद्धा तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. ती बिचारी नियमाप्रमाणे गप्प बसून राहिली, आणि मी रडत बसले.

या छपराखाली तुझा डोळा लागेना म्हणून तू गेलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोन केला की "सगळं ठीक" म्हणून तू ठेवून देतेस, आणि मीही "इकडेही ठीक" म्हणते. ठीक नाहीये, ताई. तुझी फार आठवण येते. धाकटी किती खंबीर, हे ऐकून माझे कान किटलेत.

तू परत ये असं म्हणत नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मीच येतेय. स्टँडवर न्यायला ये. नाही आलीस तर परतीच्या गाडीने निघून येईन, रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन. आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझ्यावाचून मुळीच खंबीर नसलेली,
तुझी धाकटी