सिगार, नवस आणि उजवा तळवा

सोमवार, ४ ऑगस्ट

वही, माफ कर. मार्चनंतर एक ओळ नाही. शुगर चढलेली होती तेव्हा लिहायची लाज वाटायची, उतरली तेव्हा गरज वाटेना. यातलं एक कारण खरं असेल. दोन्ही नसतीलही.

झालं असं. जुलैत रिपोर्ट आला, तीन महिन्यांची शुगर साताच्या खाली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी खूश, आणि सु. (बायकोचं पूर्ण नाव या वहीत लग्नानंतर कधी लिहिलंच नाही, आता काय लिहू) म्हणाली, "नवस बोलले होते. साताच्या खाली आली तर श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या मारुतीला अनवाणी." नवस तिचा. पण गुडघाही तिचाच, आणि त्याला जिनेसुद्धा बंद आहेत. म्हणून मी गेलो. शुक्रवारी संध्याकाळी निघालो, गर्दीबरोबर चालत राहिलो, पहाटे दर्शन, येताना एसटी. मारुतीवर माझा विश्वास आहे का, हे चालताना बरंच तपासलं. घाट चढेपर्यंत उत्तर आलं नाही.

काल माझा रविवार. एक आड एक रविवार, एक सिगार, गच्चीवर. हे सु.शी ठरलेलं आहे आणि मी ते कधी मोडलेलं नाही. काल तर रिपोर्ट, नवस, सगळंच पार पडलेलं. पाय कठड्यावर टाकून बसलो. अशी सिगार वर्षात झाली नव्हती.

आज कंपनीत सेफ्टी शूज काढले तर उजवा मोजा तळव्याला चिकटलेला. अंगठ्याच्या मागं फोड फुटून आत लाल. रुपयाएवढा. दुखत नव्हता. आत्ताही दुखत नाही. आधी बरं वाटलं, मग नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

डॉक्टर मॅडमनी नायलॉनचा बारीक धागा काढला. "डोळे मिटा. तळव्याला लागला की सांगा." मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ. शेवटी विचारलं, "सुरू करताय ना?" त्या म्हणाल्या, "झालं सगळं करून."

गेल्या वर्षी पायाला मुंग्या यायच्या. हिवाळ्यात थांबल्या. मी समजलो सुधारलं. मॅडम म्हणाल्या, "सुधारलं नाही. कळायचं बंद झालं."

मग विचारलं, "हे कशानं झालं?" मी म्हणालो, "चप्पल लागली."

का म्हणालो? सु. बाहेर बाकावर होती. मॅडम नवसाबद्दल काही बोलल्या असत्या आणि ते तिच्या कानावर गेलं असतं, म्हणून. निदान तेव्हा तरी असंच वाटलं.

पुढचा प्रश्न: "बिडी, सिगारेट?" मी म्हणालो, "नाही." शब्दाला धरून बरोबर. बिडी नाही, सिगारेट नाही. पण असं उत्तर कंपनीत कुणी मला दिलं असतं तर मी तपासणीत त्याचा लॉट अडवला असता.

मॅडमनी एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल लिहून दिली. न लागलेल्या चपलेवर उपाय म्हणून नवी चप्पल. घेतली. चांगली आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

कंपनीच्या शेंद्र्याच्या बसमध्ये रफिकभाई शेजारी. डिस्पॅचला आहे. माझ्या सिगार त्याच्याच भावाकडून येतात, तो शारजाहून आणतो. पहिली यानंच दिली होती, ऑडिट पास झालं त्या दिवशी. मला शुगर आहे हे कळून महिना झाला होता. पेढे फिरत होते आणि मी हात मागं घेत होतो. तेव्हा म्हणाला, "मिठा नक्को तो ये लेव जाधवसाब. इसमें शक्कर नहीं."

आज चप्पल बघून: "क्या करलिये पाँव को?"

सांगितलं. अनवाणी वगैरे.

"हौ, मेरेको बोलना था ना. मैं खुलताबाद में पैदा हुआ, वां का रास्ता मैं भी नंगे पाँव नहीं चलता." मग, "भाभी का नवस, और पाँव आपका. ये कौनसा हिसाब है?"

हसलो. मग दिवसभर तेच डोक्यात.

रविवार, १० ऑगस्ट

आज माझा रविवार नाही. नेटवर वाचत बसलो. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, पायाला रक्त कमी पोचतं, जखम भरायला वेळ लागतो. हे सगळीकडे आहे. पण धूर आत न घेणाऱ्याचं काय, पंधरवड्यातून एकच ओढणाऱ्याचं काय, हे कुठंच धड नाही. एके ठिकाणी "कमी म्हणजे सुरक्षित नव्हे." दुसरीकडे एक गृहस्थ लिहितात की मला वीस वर्षं शुगर आहे, जेवणानंतर सिगार घेतो, मस्त आहे. मी दुसरं पान दोनदा वाचलं. पहिलं एकदा.

आईचा करमाडहून फोन. "व्हय रं, पाय कसा हाय?" सांगितलं भरतोय. "अनवाणी चालून कुणाचा पाय बिघडतुय? आमी जलमभर चाललो. आन तुझा बाप तर बिड्या वढीत वढीत चालायचा. शेवटपर्यंत पाय धड व्हते त्याचे." म्हणजे आईच्या मते दोन्ही निर्दोष. बापाला मात्र शुगर नव्हती.

बुधवार, १३ ऑगस्ट

ड्रेसिंग. जखम तेवढीच. मॅडम: "चपलेच्या जखमेला एवढे दिवस नको लागायला. शुगर तर चांगली आहे तुमची. काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही."

बाहेर आलो. सु.नं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"वेळ लागेल."

"नवसाचं काही बोलल्या?"

"नाही."

तिनं मान हलवली. तिला वाटलं मॅडम भल्या आहेत, म्हणून बोलल्या नाहीत. त्यांना काही माहीतच नाही, हे कसं सांगू. एकीचं नाव वाचवायला एक गोष्ट लपवली, स्वतःचा रविवार वाचवायला दुसरी. आता डॉक्टरकडे एकही खरं कारण नाही आणि औषध मात्र रोज चालू.

शनिवार, १६ ऑगस्ट

सु. दोन दिवस नीट जेवत नाही. आज दुपारी बोलली. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता.

"नवस माझा होता. फेडला तुम्ही. तो पोचलाच नाही."

"असं काही नसतं गं."

"नसतं तर मग पाय का भरत नाही? शुगर चांगली, औषध चालू, चप्पल नवी. तुम्हीच सांगा."

मला गच्चीवरची सिगार आठवली.

"श्रावणाच्या शेवटच्या शनिवारी मी जाणार. अनवाणी. मी चालले की तुमचा भरेल."

"आणि गुडघा?"

"गुडघ्यानं काय माणूस जात नाही."

मी आवाज चढवला. तिनं नळ मोठा सोडला.

रविवार, १७ ऑगस्ट

माझा रविवार. ठरवलं होतं, आज नाही. जखम भरेपर्यंत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं ठरवलं होतं.

संध्याकाळी सु. स्वतः गच्चीवर आली. गुडघा धरत, एकेक पायरी. एका हातात सिगार, दुसऱ्यात अडकित्ता. (मी त्यानंच टोक कापतो. सुपारीला वास लागतो म्हणून एरवी ओरडते.) "घ्या. सकाळपासून तोंड उतरलंय तुमचं. एवढंच तर राहिलंय तुम्हाला. गोड नाही, आंबा नाही. तेही माझ्यापायी सोडू नका."

घेतली. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

आणि इथं खोटं लिहायचं नाही. चांगली होती. पहिल्या दोन झुरक्यांत थोडी कडू, मग तो वास, पावसात भिजलेली कडब्याची गंजी उन्हात वाफाळते तसा. मागून गुऱ्हाळाची आठवण, गोडवा जिभेवर न ठेवता जाणारा. धूर आत घेत नाही, नुसता तोंडात फिरवतो. राख बोटभर वाढते आणि तीही पाडावीशी वाटत नाही. हे सगळं होत असताना मी सुखी असतो. पाय, कंपनी, हप्ते, काही नसतं. एरवी मी प्रत्येक घासाला हिशेब करतो, भाकरी किती, भात किती. इथं तेवढा वेळ मी हिशेब करत नाही. म्हणून तर हवी असते.

सु. टाकीला टेकून उभी होती. म्हणाली, "वास चांगलाय हो." असं आधी कधी म्हणाली नव्हती.

सोमवार, १८ ऑगस्ट

जखमेची कड काळपट. मॅडमनी चिमट्यानं ओढून बघितलं, मला अर्थात काही कळलं नाही. "शुक्रवारी परत या. भरायची चिन्हं नसली तर फोटो काढू, आत हाडापर्यंत गेलंय का बघू. गेलं असलं तर अंगठ्याबद्दल बोलावं लागेल."

अंगठ्याबद्दल बोलावं लागेल. जणू तो खोलीत नाही.

काल सिगार, आज काळी कड. एका रात्रीत असं होतं का? माझ्या मते नाही. पण माझं मत मागणारा मीच आणि देणाराही मीच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कंपनीत माझं कामच हे. माल परत आला की "का" विचारायचं. त्या उत्तराला पुन्हा "का". तळाशी जाईपर्यंत. आज जेवणाच्या सुट्टीत पायावर करून बघितलं.

जखम का? अनवाणी चाललो.
कळली का नाही? नसा बधिर.
बधिर का? चार वर्षांची शुगर. (किंवा तंबाखू. किंवा दोन्ही.)
अनवाणी का चाललो? शुगर उतरली म्हणून.
भरत का नाही?

इथं थांबलो. कारण शोधताना दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हे मी नव्या पोरांना शिकवतो. माझ्याकडे तर शुक्रवारी चाललो आणि रविवारी ओढली. दोन्ही एकाच तळव्यावर. सिगार सोडली आणि भरला तर सिगारचा दोष. सु. चालून आली आणि भरला तर मारुतीचा मान. दोन्ही केलं आणि भरला तर आम्ही दोघं जन्मभर आपापलं खरं धरून बसू. आणि नाही भरला तर.

बुधवार, २० ऑगस्ट

आज सांगितलं तिला. चहाच्या वेळी, सरळ. जखम भरत नाही ती बहुतेक सिगारनं, तुझ्या नवसानं नाही, तू चालू नकोस.

ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

"धुराचा आणि पायाचा काय संबंध हो?"

रक्तवाहिन्यांचं समजावलं. नेटवरचं पान दाखवलं.

"त्या नेटवर काय, हळदीनं कॅन्सर जातो असंपण असतं. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. कळत नाही का मला? तुमचा स्वभावच तो."

"अगं खरंच."

"मग रविवारी ओढली कशाला? खरं असतं तर ओढली असती का तुम्ही? तुम्ही?"

तिच्या डोक्यात माझी जी मूर्ती आहे, ती असं करणार नाही. मी केलं. दहा तारखेला वाचलं होतं आणि सतराला ओढली. हे तिला सांगितलं तर विश्वास बसेल, पण कशावर बसेल ते कळत नाही.

दुसरंही मनात येतं. मी खरं सांगितलं ते खरं आहे म्हणून, की तिला थांबवायचं म्हणून? तिला थांबवायचं नसतं तर सांगितलं असतं का? दोन्ही वेळा शब्द तेच असते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

भावाचा फोन, उद्या पोळ्याला या. पाय सांगून टाळलं.

सु.ची तयारी झाली. गुडघ्याचा पट्टा धुऊन वाळत घातलाय. खालच्या मजल्यावरच्या दोघी बरोबर आहेत. उद्या संध्याकाळी पाचला निघणार. बसमध्ये रफिकभाईला सांगितलं, तर म्हणाला, "रोको मत, भाभी तुमको नहीं सुनते. किसी और के मुँह से बोलो." त्याला वाटलं मी आईकरवी सांगेन. आई तर तिला चाल म्हणेल.

माझं ड्रेसिंग सकाळी अकराला. म्हणजे मध्ये सहा तास.

सु. माझं ऐकणार नाही, पण मॅडमचं ऐकेल. मॅडम सांगतील ते मला मात्र आधी माहीत नाही. "सिगारनं" म्हणाल्या तर ती थांबेल आणि माझे रविवार संपले. "अनवाणी चालल्यानं" म्हणाल्या तर माझे रविवार राहतील आणि ती स्वतःला कधी माफ करणार नाही. "दोन्हीनं" म्हणाल्या तर काय, ते डोळ्यांसमोर येत नाही. आणि या सगळ्याआधी चपलेचं खोटं मलाच बाहेर काढावं लागेल, तिच्यासमोर, मॅडमसमोर, पायातल्या नव्या चपलेसकट.

आत्ता लिहिताना शोधतोय की यातलं कोणतं उत्तर मला हवंय. एक हवंय. कोणतं ते लिहिवत नाही.

उद्या: दवाखान्यात सु.ला बाकावर बसू द्यायचं नाही, बरोबर आत न्यायचं.