निघण्याआधीचं बाक

४ ऑक्टोबर
डार्मश्टाटला पोचले, आणि नशीब बघा, खोली नि नोकरी एकाच दारात मिळाली. युनिव्हर्सिटी सांभाळून फ्राऊ तमारा, म्हणजे तमाराबाईंच्या टूर ऑफिसात फोन घ्यायचे आणि वरच्या खोलीत राहायचं. तमारा मूळची जॉर्जियाची. जर्मन पर्यटकांना कॉकेशसचे डोंगर, मठ, द्राक्षमळे दाखवून आणते. रशियाच्या सहली बंद पडल्या, पण बैकाल सरोवराची पोस्टरं अजून भिंतीवर आहेत. आईला व्हिडिओवर सगळं घर फिरवून दाखवलं. तिचं आपलं एकच, जेवलीस का.

७ ऑक्टोबर
आज ग्रुप निघाला. यांची गंमतच आहे. बॅगा भरल्या की दाराजवळच्या लाकडी बाकावर सगळ्यांनी गप्प बसायचं. थोरला उठला की त्याच्यामागून उठायचं, म्हणजे प्रवास सुखाचा होतो. रशियन रीत, तमाराच्या घरीही पाळतात. बाकाचं भिंतीकडचं टोक मात्र रिकामं ठेवतात. तिचा थोरला भाऊ वाख्तांग ग्रुपचा वाटाड्या होता. एकदा घाईत न बसताच निघाला, तो डोंगरातून परत आला नाही. त्या जागेशी बोलू नकोस, असं मला बजावून तमाराही ग्रुपबरोबर गेली. मी बाकाखाली माझे बूट ठेवले, आपल्याकडे ठेवतो तसे.

१३ ऑक्टोबर
फोन वाजत नाही. वर्गातली मुलं ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणतात नि आपापल्या ट्रामला लागतात. मला फार एकटं वाटतंय, लिहून टाकते. संध्याकाळी चहा दोन कप झाला. घरात कोणी उभं आहे असं वाटलं, की बसा म्हटल्याशिवाय राहवतं का आपल्याला? त्या रिकाम्या टोकाला म्हटलं, या, बसा, चहा घ्या. वेडीच आहे मी. पण बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर
रोज म्हणते. आज दुसरा कप रिकामा होता. मीच प्यायले असेन. बाकाखाली पाणी होतं, बर्फ वितळल्यासारखं गार. बाहेर ऊन आहे.

१८ ऑक्टोबर
तमाराचा फोन. तिनं आधी बाकाचंच विचारलं. मी खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, इतकी वर्षं वाख्तांग दारात उभाच होता, बसला नव्हता म्हणून निघू शकत नव्हता. तू बसा म्हटलंस, तो बसला. आता निघेल. आणि वाटाड्या कधी एकटा निघत नाही. घर सोड म्हणाली, त्या बाकावर टेकू नकोस म्हणाली.

१९ ऑक्टोबर, सकाळी
म्युनिकला मीनलताईकडे जाते. मावसबहीण आहे, ठेवून घेईल. बॅग दाराशी आणली. बूट घालायला बाकावर टेकले — जन्माची सवय, लक्षातच —

शेजारची फळी वाकली. ओल्या लोकरीचा वास येतोय.

वही मांडीवर आहे. पाय हलत नाहीत. थोरला उठल्याशिवाय —

आई, नाही गं जेवले —

फळी हलकी झाली. तो उठला. दार उघडलं. बाहेर रस्ता नाही, ट्राम नाही, नुसता बर्फ आणि चढ —

माझे पाय आपोआप —