दुपट्याचा मोकळा कोपरा

गुरुवार, बारा तारीख
दुकानातून

प्रिय ठकूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आणि बाळ खुशाल असाल असं धरून चालते. धरूनच चालावं लागतं, कारण काल फोन केला तर तू "आत्या, नंतर बोलू" म्हणून ठेवलास आणि तुझं ते नंतर अजून उजाडलेलं नाही. म्हणून हा कागद. जावईबापू संध्याकाळी कामावरून सुटले की दुपटं न्यायला दुकानात येणार आहेत, त्यांच्याच हाती हे पत्रही देईन. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र रागाने फाडलं तरी माणूस तुकडे जुळवून वाचतोच.

इकडचं सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तरच मला काळजी वाटेल. मालकीणबाईंनी माझ्या टेबलावर नवा दिवा बसवून दिला, त्यामुळे बारीक टाका पुन्हा नीट दिसायला लागला. काम भरपूर आहे. बाळंतविडे, झबली, टोपडी, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव भरून हवं.

आणि तू म्हणतेस ते खरं आहे गं, जुनी नावं परत आली आहेत. मला ते मासिकवाल्यांच्याही आधी कळतं, कारण सगळी नावं माझ्या सुईखालून जातात. मधली काही वर्षं कसली नावं यायची! दोन अक्षरं, आणि अर्थ विचारला की आईबाप मोबाईल काढणार. आता ज्या नावांच्या बायका काठी टेकत पेन्शन काढायला जातात, ती नावं टोपड्यांवर आली आहेत. शाळेत ज्यांच्यामुळे आम्हाला पोरं चिडवायची, तीच.

मागच्या आठवड्यात एक सासू-सून आल्या होत्या. सून कौतुकाने म्हणाली, "आम्ही ह्यांच्या आजीचं नाव ठेवतोय. किती गोड वाटतं ना जुनं नाव?" सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "गोड? त्या बाईने मला जन्मभर छळलं. आता तिचंच नाव घेऊन मी पाळणा हलवू?" मालकीणबाई काउंटरखाली काहीतरी शोधण्याचं निमित्त करून हसत बसल्या. मी पिवळ्या दोऱ्याने नाव भरून दिलं. आजेसासूबाई जिंकल्या.

तेव्हा फॅशनचं म्हणशील तर माझी काही तक्रार नाही. पण ठकू, तू ते नाव फॅशनसाठी ठेवत नाहीयेस.

रविवारी माणसं येणार. नाव ठेवायला आलेली माणसं नावं ठेवूनही जातात, त्यांचं सोड. त्यांना तू सांगून ठेवलं आहेस की बाळाला आत्याचं नाव देतेय, जुनी नावं परत आलीत. ऐकणारे म्हणतात, वा, आत्याचा केवढा मान! त्यापुढचं कुणीच बोलत नाही. तुझी आईसुद्धा माझ्याशी बोलताना दुधाच्या बाटल्यांवर घसरते. मग मीच बोलते. हे नाव तुझं एकदा ठेवून झालं आहे. तुझ्या पहिलीला. तिने ते जेमतेम सव्वा महिना वापरलं.

तिचं दुपटं मीच केलं होतं. दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलीस तेव्हा ते माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालीस, "आत्या, हे माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा." मी घेऊन आले. तेव्हापासून ते माझ्या कपाटात वरच्या खणात होतं. आणि सोमवारी तुझा निरोप आला, "ते दुपटं पाठव. नाव तेच आहे, मग नवीन कशाला करतेस?"

वाचून हातातलं टोपडं मी तसंच बाजूला ठेवलं.

मध्येच उठावं लागलं. जावईबापूंचाच फोन होता. जिन्यात उभे राहून बोलत असावेत, आवाज घुमत होता.

म्हणाले, "आत्या, दुपटं देऊ नका. हरवलं म्हणून सांगा. नाहीतर कसर लागली म्हणा."

मी विचारलं, "झालं काय?"

म्हणाले, पहिलीचं टोपडं तू जपून ठेवलं होतंस, ते काल हिला घालून बघत होतीस. हिचं डोकं मोठं आहे. टोपडं बसेना. तू ओढून ओढून बसवत होतीस, पोर रडायला लागली, त्यांनी तुझ्या हातातून ते काढून घेतलं, तर तू त्यांना म्हणालीस, "हिचंच आहे ते. हिला आठवत नाहीये एवढंच." ठकू, तो माणूस घाबरलाय. मला म्हणाला, "मी काही बोललो की ती मलाच परका ठरवते. तुमचं ऐकेल."

माझं ऐकशील का, मला माहीत नाही. दुपटं हरवलं म्हणून सांगणं सोपं होतं. लहानपणी तुझ्या परीक्षेचे मार्क तुझ्या बाबांपासून लपवताना याहून मोठ्या थापा मारल्या आहेत मी. पण थापेने दुपटं लपेल, नाव नाही लपणार. रविवारी ते तू ठेवशीलच. आणि मग त्या पोरीला ते घेऊन चालावं लागेल. ते कसं असतं हे आपल्या घरात एका माणसाला ठाऊक आहे.

आजीच्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता, आठवतो? आखूड केसांची, चौकडीचा फ्रॉक घातलेली मुलगी. तू कडेवर असताना बोट दाखवून विचारायचीस, "आत्या, ही तू ना?" मी हो म्हणायचे. ती मी नव्हे. ती माझी मोठी बहीण. माझ्या जन्माआधी तापाने गेली, शाळेत जायच्याही आधी. तिचं नाव तेच होतं. तेच मला दिलं. तेच तू माझ्यावरच्या मायेने तुझ्या पहिलीला दिलंस. तेव्हा मी इतकी हरखले की फोटोतली मुलगी मला आठवलीसुद्धा नाही.

आई वाईट नव्हती गं. तिने मला कधी एक चापट मारली नाही. फक्त ती मला हाक मारायची, मी धावत जायचे, आणि ती क्षणभर माझ्या मागे दाराकडे बघायची. अजून कुणीतरी यायचं असल्यासारखं. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तू होय." बहिणीला गाजरं आवडायची, म्हणून मलाही आवडतात असं घरात ठरून गेलं. माझे केस पिकले तरी मला गाजर आवडलेलं नाही.

तिचे सगळे फ्रॉक मी वापरले. आई घालून द्यायची, मागे जाऊन बघायची आणि खूश व्हायची. मग एक दिवस तो चौकडीचा फ्रॉक काखेत अडकला. आईने बटणं लावून पाहिली, शिवण उसवून पाहिली, आणि कपाटापुढे बसून रडायला लागली. मी तिला म्हणाले, "आई, मी कमी जेवेन." मला वाटलं, चूक माझीच, मी वाढले. त्यानंतर आईला माझ्याशी काय बोलावं तेच कळेना. बहीण तिथपर्यंतच आली होती, पुढची मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. जावईबापू टोपड्याचं बोलले आणि माझ्या काखेत अजून तो फ्रॉक काचतोय असं वाटलं.

तुझ्या आजोबांनी मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. घरभर गरगर फिरायचे म्हणून मला भिंगरी म्हणायचे. पुढे मोठेपणी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माझं नाव आवडत नाही का?" ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, "आवडतं गं. पण ते मी एकीला देऊन बसलोय. तिच्याकडून परत कसं मागू?" त्या दिवशी मला बापाचा इतका राग आला, आणि इतकं बरंही वाटलं, की मी मोरीत जाऊन रडले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते दुपटं मी टेबलावर पसरलं. तुला माहीत आहे, तान्ह्याच्या कपड्यावर आम्ही दोऱ्याला गाठ मारत नाही, अंगाला टोचते म्हणून. टोक नुसतं टाक्यांखाली सरकवून ठेवायचं. ते टोक धरून हळूच ओढलं की सगळं नाव निघून येतं, कापडावर खूणही राहत नाही. मी टोक चिमटीत धरलं होतं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं, मीच उसवून टाकते, प्रश्नच मिटेल. हात चालला नाही. तेवढं एकच तर आहे त्या पोरीचं या जगात.

तेव्हा जावईबापूंचंही मी ऐकत नाहीये आणि तुझंही पूर्ण ऐकत नाहीये. पिशवीत दोन दुपटी आहेत. कागदात गुंडाळलंय ते पहिलीचं, नावासकट. ते तुझं. उशाशी ठेव, त्यात तोंड खुपसून रड, हवं तेव्हा रड, आणि कुणी पुरे म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. फक्त ते दुसरीच्या अंगावर घालू नकोस. ते तिचं नाही, आणि तिलाही ते कधीतरी कळेल.

दुसरं नवीन आहे. मोठं केलंय, पोर दणकट आहे म्हणे. कोपरा मोकळा ठेवलाय.

जुन्यातलं ठेव, नव्यातलं ठेव, जावयांना मोबाईल काढून अर्थ सांगावा लागेल असलं काहीतरी ठेव. ज्या नावाने हाक मारल्यावर तू हिच्याच तोंडाकडे बघशील, असं ठेव. रविवारी मी सुई-दोरा बरोबर घेऊन येतेय. माणसांच्या गर्दीत, तुझ्या पलंगावर बसून भरून देईन. आणि इतकं सांगूनही तू तेच नाव ठेवलंस, तर तेही भरेन. तुझ्यावर रुसून मी कुठे जाणार? पण हाक मात्र मी तिला त्या नावाने मारणार नाही. आजोबांसारखं माझं मी काहीतरी शोधेन, आणि त्या पोरीला आयुष्यभर एक तरी हाक अशी येईल की जिच्यासाठी मागे वळून बघावं लागणार नाही.

जावईबापू दारात आलेत, छत्री मिटतायत. थांबते.

खाली सही करायला हात सवयीने त्याच नावाकडे गेला. नको. ते आता त्या दोघींकडेच राहू दे.

तुझी,
भिंगरी