पंख माझा, हार दुसऱ्याच्या गळ्यात

मी, विमानांचे पंख आखण्यात हयात घालवलेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मला राग आलेला आहे. पण त्याने माझ्या बुद्धीस बाध आलेला नाही, असे डॉक्टरांचे मत आहे.

राहते घर मुलीला. जावईबापूंनी भिंती पाडण्याआधी तिला विचारावे.

आराखड्यांचे टेबल व मोजपट्ट्या कारखान्यातल्या सुतारमामांना. सगळे जग पंखावर पंख रचत होते तेव्हा मी एकपंखी विमान आखले. कारखान्याचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, हसले, "एका मजल्यावर कधी विमान उडतं का?"

"पक्ष्याला कुठे दोन मजले असतात?" मी म्हणाले. सुतारमामा तेवढे म्हणाले, "करून बघू, ताई."

विमान उडाले, झोकात उडाले. मग गिऱ्हाइकांना नाजूक दिसावे म्हणून दिरांनी, मला न विचारता, पंख खालून ताणून धरणाऱ्या जाड तारा काढून बारीक बसवल्या. वळण घेताना तार तुटली, पंख दुमडला. वैमानिक माझे यजमान होते; पाय कायमचा अधू झाला. चौकशीत मी तुटकी तार दाखवली. यजमान म्हणाले, "रचनाच कच्ची होती." चौकशीच्या साहेबांनी नवऱ्याचे ऐकले. एकपंखीवर बंदी आली, कारखाना दुपंखी विमानांवर गब्बर झाला. पुढे सगळे जग एकाच पंखावर आले, तेव्हा "आमची दूरदृष्टी" म्हणत दिरांनी हार घालून घेतले. चोर तो चोर, वर शिरजोर!

शेवटच्या आजारात यजमान म्हणाले, "दादाचं नाव बुडालं असतं गं."

"आणि माझं?"

त्यांनी कूस बदलली.

तो मोडका पंख संग्रहालयाला हवा आहे. पुतण्या म्हणतो, "काकू, पाटीवर बाबांचं नाव कोरून झालंय, आता कशाला उकरता?" उकरणारच. पंख तुटक्या तारेसकट द्यावा, आणि रचनाकार म्हणून पाटीवर माझे नाव असावे. नसेल तर पंख सुतारमामांनी सरपणाला घ्यावा.

यजमानांची काठी कोणालाही देऊ नये. ती माझ्यासोबत जाऊ द्यावी. मी त्यांना माफ केलेले नाही. पण ते गेल्यापासून, जिन्यावर त्या काठीचा आवाज नाही म्हणून, मला धड झोप लागलेली नाही.

साक्षीदार : १. घरचे डॉक्टर (सही) २. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
लिहून देणार : पंख आखणारी (सही)
ठिकाण : माझी आराखड्यांची खोली
दिनांक : वरच्या शिक्क्याप्रमाणे