पुठ्ठ्यावर लिहिलेलं दुखणं

बुधवार, ९ ऑक्टोबर
बाइंडिंगच्या दुकानातून, दुपारच्या सुट्टीत

प्रिय आजीबाईंस,

सप्रेम नमस्कार. आजी होऊन तीन आठवडे झाले, आता ही पदवी अंगवळणी पाडून घ्यावी. लेक आणि बाळ सुखरूप असल्याचं कळलं. बाळाचं नाक माझ्यावर गेलंय म्हणे. देव त्याला माझं तेवढं एकच देवो.

इकडे सर्व ठीक. झाडांना पाणी घालतो. दूध उतू गेलं, ते एकदाच.

परवा फोनवर तू चिडलीस, "नुसतं हं हं काय करताय? मूग गिळलेत का?" मूग नव्हते गं. बोललं की डाव्या गालात वीज पडते. म्हणून हे पत्र.

खरं म्हणजे त्याच दिवशी सकाळी एकटाच इमर्जन्सीत जाऊन आलो. दात घासताना कळ सुरू झाली ती थांबेना. तयारी मात्र चोख होती. पिशवी दाराला टांगलेली. तीत फाइल, गोळ्यांची चिठ्ठी, पंख्याचा वारा गालाला लागू नये म्हणून मफलर, आणि दुखणं लिहून मी केलेला पुठ्ठा. रजिस्टरला लावतो तशा कापडी कडा लावलेला. तोंड उघडता येत नाही, तेव्हा तो दाखवायचा.

पण गावच्या शाळेत गुरुजींनी अर्ज लिहायला शिकवला, तो अंगात इतका भिनलाय की मी सुरुवात केली होती, "माननीय डॉक्टरसाहेबांच्या सेवेशी, सविनय सादर प्रणाम. विनंती विशेष अशी की..." दुखणं सातव्या ओळीत. खिडकीवरच्या कारकुनाने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि पुठ्ठा अर्जांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला! चाळीस मिनिटं मी खुर्चीत. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही.

शेवटी एका नर्सबाईंना तो सापडला. म्हणाल्या, "अहो काका, इथे आधी दुखणं, मग नमस्कार! आणि सोबत कोण आहे तुमच्या?"

मी नुसता हात हलवला. त्यांनी सलाईनमधून औषध दिलं, तासाभराने कळ ओसरली.

घरी येऊन नवा पुठ्ठा केला. "बोलू शकत नाही. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. दाताचं नाही. डाव्या गालाला हात लावू नका." त्याखाली, "कोणाला कळवायचं." ती ओळ दोन दिवस कोरी आहे.

तेव्हा तुलाही आधी दुखणंच सांगतो. मागच्या वेळी त्याच खुर्चीत तू माझे डोळे पुसायला रुमाल डाव्या गालाशी आणलास, आणि मी चारचौघांत तुझा हात झिडकारला. तेव्हापासून चहाचा कपसुद्धा माझ्या हातात देत नाहीस, टेबलावर ठेवतेस. चार महिने मी ते बघतोय आणि गप्प आहे. 'लेकीकडे जा' म्हणालो ते बाळासाठी खरंच. पण तुझ्यासमोर बसायची लाजही वाटत होती.

हल्ली नाम ओठांनी घेता येत नाही, मनातच घेतो. देव अंतर्यामी आहे, त्याला ऐकू येतं. तू अंतर्यामी नाहीस, तुला सांगावं लागतं. हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली.

त्या क्षणी माझ्या आईचा हात असता, तरी झिडकारला असता. तो तुझा होता, याचंच फार वाईट वाटतं.

लेकीला हिंडूफिरू दे, मगच ये. तोवर त्या कोऱ्या ओळीत तुझा नंबर लिहू का, एवढं कळव. पुठ्ठा कितीही चांगला बांधला तरी माझ्या बाजूने भांडणार नाही. तिथे तू हवीस.

लेकीला आशीर्वाद. बाळाच्या दोन्ही गालांचा पापा घे.

माझा उजवा गाल दुखत नाही. कधीच दुखला नाही. हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

तुझाच