शेततळ्याची पाहणी

आई, तू गेलीस तेव्हा मी कराडला कॉलेजात होते. पुढं मी कृषी खात्यात लागले, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. ठिबक किंवा शेततळ्याच्या सरकारी अनुदानासाठी कुणी अर्ज केला की मी त्या शेतावर जाते, जागा बघते, अर्जदाराला तिथं उभं करून मोबाइलवर फोटो काढते. सगळं पार पडलं की पैसे थेट त्याच्या खात्यात जमा होतात.

आपल्या कवठे महांकाळच्या रानातही एकदा असे एक साहेब आले होते. बाबा तेव्हा परमुलखात, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला. तू खुरपं घेऊन डाळिंबाच्या रोपांना आळी करत होतीस. साहेबांनी बांधावरूनच विचारलं, "शेतकरी कुठाय?" "मीच की," तू म्हणालीस. ते हसले. "मालक आले की कळवा," म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले. मी रडायला लागले, तर तू माझ्यावरच खेकसलीस, "रडून रोपं जगत्यात व्हय? घागर उचल." त्या उन्हाळ्यात आपण दोघी विहिरीवरनं पाणी वाहतोय, तुझी चुंबळ भिजून पाणी मानेवर ओघळतंय, आणि तू एका शब्दानं कुणाला नावं ठेवत नाहीस. निम्मी रोपं जगली.

गेल्या वर्षी तासगावच्या बाजूला एका शेततळ्याच्या पाहणीला गेले होते. नवी द्राक्षबाग, आणि राबणारी एकटी बाई. जमीन नवऱ्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावाचा, आणि तो ट्रक घेऊन परराज्यात गेलेला. अर्जदार हजर नाही म्हटल्यावर दीर पुढं झाला. "मॅडम, मी हुबा ऱ्हातो की. टोपी जरा खाली वढतो. कोण बघतंय?"

ते मला करता येणार नव्हतं. पण मालक आले की कळवा, हेही तोंडातून निघेना. मी त्या बाईला म्हटलं, "नवऱ्याची संमती असली तर तुमचं नाव सातबाऱ्यावर लागतं. मग अर्ज तुमच्याच नावानं करा. पण मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. हा उन्हाळा हातचा जाईल."

तिनं बागेवरून एक नजर फिरवली. मग तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा आवाज मोठा केला. "आवं, रानाला माझं नाव लावायचं म्हणत्यात. लावू का?"

पलीकडं ट्रकच्या इंजिनाची घरघर. दीर मान खाली घालून उभा. नवरा म्हणाला, "लाव की. रान तूच करतीस." मग लगेच, "पर यंदा बागंचं काय?"

"बागंचं मी बघते," ती म्हणाली.

टँकरच्या पाण्यावर तिनं बाग जगवली. कडेच्या ओळी वाळल्या, त्या उपटून काढल्या. दिवाळीला नवरा आला आणि तलाठ्यापुढं सही करून गेला. यंदा तिच्या नावाच्या अर्जावर मी पुन्हा पाहणीला गेले, तेव्हा फोटोत ती एकटीच, पदर खोचून, ताठ उभी. तळं झालं. परवा तिचा फोन आला. "मॅडम, तळ्याचं पैसं माज्या खात्यावर आलं. पोरीनं मेसेज वाचून दाखवला. मी तिला दोनदा वाचायला लावला."

फोन ठेवला आणि तुला हे लिहायला घेतलं.

तुला वाचता येत नव्हतं, आई. येत असतं, तरी हे कुठल्या पत्त्यावर धाडणार? घरी सांगितलं तर म्हणाले, "कामच आहे की तुझं ते." खरंय, कामच आहे. तरीपण कुणीतरी पाठीवर हात ठेवून 'लय चांगलं केलंस' म्हणावं, असं या वयातही वाटतं गं.